पद्मिनीची पुढची काच आणि वायरिंग: आधी काय करावं?

परभणीकर
वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचीय. पुढच्या काचेला तडा गेलाय, रबर उन्हानं दगड झालंय. हेडलाइटचा उजेडही पिवळट पडतो. काच कोणती घेऊ? काम परभणीत होईल की संभाजीनगर गाठू?

जालनावाला
दादा, लॅमिनेटेडच घ्या. टफन्ड (एकाच थराची, कडक केलेली काच) फुटली की क्षणात सगळ्या काचेचा चुरा, समोरचं काही दिसत नाही. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, तडा गेला तरी काच जागेवर राहते. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या, तेव्हा काच-रबरासाठी कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात चौकशी करा. जुनी काच फेकू नका, नवीचा बाक तिच्याशी जुळवून बघा.

बसवताना रबर काचेला चढवा, आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची. घाई केली की काच कोपऱ्यात तडकते.

लातूरचे काका
काच काढली की लगेच नवी बसवू नका बरं. रबराखाली पाणी साचून खालचे कोपरे गंजतात आणि तेच पाणी डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर उतरतं. गंज घासा, प्रायमर मारा. काच नसताना डॅशबोर्डमागं हात चांगला जातो, म्हणून वायरिंग तेव्हाच उरका.

करंट कुठं गळतोय का ते बघायला सगळं बंद ठेवून बॅटरीची अर्थ केबल (बॅटरीपासून बॉडीला जाणारी) काढा, केबल आणि बॅटरीच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला तर करंट गळतोय. एकेक फ्यूज काढत जा; ज्यानं दिवा विझेल ती लाइन धरा. फ्यूजवर कुणी चांदी (चकाकता कागद) गुंडाळली असेल तर आधी ती काढा. तिच्यामुळं फ्यूज उडत नाही, वायर जळते. माझ्या माहितीत गाड्या अशाच पेटल्यात.

उजेडासाठी लाइट लावून बॅटरीवर आणि बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अर्थचे जोड घासा, रिले (हेडलाइटला थेट बॅटरीतून करंट देणारा स्विच) टाका.

परभणीकर
काका, काचवाला म्हणतो जुन्याच रबरात सिलिकॉन भरू.

लातूरचे काका
मुळीच नको. गळती झाकली जाते, पत्रा आतून सडत राहतो. नवं रबर घ्या. वायरिंगला परभणीतलाच जुना ट्रॅक्टर-जीपचा ऑटो इलेक्ट्रिशियन पुरे. काचेला मात्र दोरीनं काच बसवलेला माणूसच शोधा, मग तो कुठल्याही गावचा असो.