एलायजा क्रेग बॅरल प्रूफ, १२ वर्षांची, बॅच सी९१८: घ्यावी का, पाणी किती घालावं, पुण्याला कशी न्यावी?

एडिसनकर
न्यू जर्सीतल्या एका दुकानात मागच्या फळीवर एलायजा क्रेग बॅरल प्रूफच्या (पिंपातून पाणी न घालता भरलेली बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की) दोन बाटल्या आहेत. बॅच सी९१८, लेबलवर १२ वर्षं, १३१.४ प्रूफ म्हणजे ६५.७ टक्के. दोन्ही सीलबंद, ७५० मिलीच्या. दुकानदार एका बाटलीचे १८० डॉलर सांगतो आहे. प्रश्न असे:
हल्लीच्या बॅचपेक्षा ही खरंच वेगळी आहे का, की नुसतं १२ आकड्याचं कौतुक? बाटली अस्सल आहे हे काय काय बघून ठरवायचं? इतक्या कडक बर्बनमध्ये पाणी नेमकं किती मिली घालावं? एक बाटली जानेवारीत पुण्याला न्यायची आहे, त्याचे नियम काय? आणि थोडे पैसे वाढवून १८ वर्षांची एलायजा क्रेग घेणं जास्त शहाणपणाचं ठरेल का?

बार्डस्टाउनकर
आधी बॅचचा नंबर वाचायला शिका, अर्धी माहिती त्यातच असते. सी म्हणजे त्या वर्षातली तिसरी बॅच, ९ म्हणजे सप्टेंबर, १८ म्हणजे २०१८. जानेवारीची ए, मे महिन्याची बी, सप्टेंबरची सी, अशा वर्षाला तीन बॅच निघतात. ही पद्धत २०१७ पासूनची. त्याआधीच्या बाटल्यांवर बॅचचा नंबर नसायचा, त्या फक्त प्रूफच्या आकड्यावरून ओळखतात.

आता १२ वर्षांबद्दल. २०१३ ला ही मालिका सुरू झाली तेव्हापासून २०२३ च्या ए१२३ पर्यंत प्रत्येक बॅचवर १२ वर्षं लिहिलेलं असायचं. त्यानंतर प्रत्येक बॅचचं वय वेगळं छापतात: बी५२३ चं ११ वर्षं ५ महिने, सी९२३ चं १३ वर्षं ७ महिने, ए१२४ चं १० वर्षं ९ महिने. लेबलवरचं वय हे त्या मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या पिंपाचं असतं. म्हणजे सी९१८ मध्ये १२ पेक्षा कमी वयाचं एकही पिंप नाही, १३-१४ वर्षांची असू शकतात. म्हणून 'जुनी ती चांगली, नवी ती वाईट' असं सरसकट म्हणता येत नाही. सी९२३ ही १२ वर्षांच्या कित्येक बॅचच्या तोडीस तोड आहे. ए१२४ मात्र जिभेवर स्पष्ट कोवळी लागते.

वय इतकं महाग का पडतं, याचा हिशेब करून बघा. पिंप साधारण २०० लिटरचं. नियमाने बर्बन पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक चालत नाही, पिंप आतून जाळलेल्या नव्या ओकचंच लागतं, आणि रंग किंवा चव वरून घालता येत नाही. दरवर्षी ४ टक्के उडून जातं असं धरलं तर १२ वर्षांनी १२२ लिटर उरतं आणि १८ वर्षांनी ९६. पिंपाचं लाकूड पितं ते वेगळंच. हाच हिशेब गोव्याच्या हवेत दरवर्षी ८ टक्क्यांनी केला तर १२ वर्षांनी ७४ लिटरच हाती लागतं. गोव्यात माल्ट व्हिस्की कमी वयात बाटलीत का भरतात ते यावरून कळेल.

आणि भरताना जास्तीत जास्त ६२.५ टक्के असलेलं बाहेर ६५.७ टक्के कसं निघतं? केंटकीतली पिंपांची गोदामं सहा-सात मजली, लाकडी सांगाड्याची, बाहेरून पत्रा मारलेली असतात. उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात. तिथल्या कोरड्या उष्णतेत लाकडातून पाणी जास्त वेगाने निघून जातं, अल्कोहोल मागे राहतं, म्हणून टक्केवारी चढते. स्कॉटलंडच्या गार, दमट गोदामांत बहुतेक वेळा उलट होतं. म्हणून बॅरल प्रूफचा आकडा जास्त असला की पिंपं बहुधा वरच्या मजल्यांवर तापलेली असतात, आणि चवीतही तो जळका, काकवीसारखा गडदपणा उतरतो.

२०१७ मध्ये बी५१७ ला व्हिस्की ॲडव्होकेट मासिकाने वर्षातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. त्यानंतर ही बर्बन फळीवर टिकेनाशी झाली.

मक्याचं_कणीस
१८० डॉलर जास्त आहेत. नव्या बॅचची छापील किंमत ७० ते ७५ डॉलरच्या घरात असते. १२ वर्षांच्या बंद झालेल्या बॅचसाठी ११०-१२० पर्यंत देणं समजू शकतो. दोन्ही एकदम घेतो म्हणून घासाघीस करा. आणि कोणी फेसबुकवरच्या गटातून स्वस्तात देतो म्हणाला तर भुलू नका. परवान्याशिवाय खासगी विक्री बेकायदा आहे, शिवाय रिकाम्या बाटल्यांत दुसरंच काही भरून तिथेच विकतात. केंटकीत २०१८ पासून परवानाधारक दुकानांना लोकांकडून जुन्या बाटल्या विकत घ्यायची कायदेशीर मुभा आहे. जुनं काही शोधायचं असेल तर तिकडची दुकानं धुंडाळा.

रिकहाऊस_मजला_७
बाटली तपासायची तर या क्रमाने बघा.

बॅच आणि प्रूफ जुळतात का ते पहिलं. सी९१८ वर १३१.४ च हवं. बनावट करणारे पुष्कळदा इथेच चुकतात, एका बॅचचं लेबल आणि दुसरीचा आकडा. मग लेझरने कोरलेला कोड काचेवर शोधा, बाटली तिरकी धरून मोबाईलचा दिवा मारला की दिसतो. तो घासलेला किंवा पुसट केलेला असेल तर सोडून द्या. त्यानंतर बुचावरचं सील: कडा दुहेरी, सुरकुत्या एकाच बाजूला, गरम हवेने पुन्हा आवळल्यासारख्या, किंवा चिकटा लागणं, यातलं काहीही दिसलं तरी नको.

पातळी गळ्यात असायला हवी. आठ वर्षांत थोडी उतरते, पण खांद्यापर्यंत आली असेल तर बूच गळतं आहे, आणि आतली बर्बन मवाळ झालेली असणार. दुकानदाराला विचारून बाटली क्षणभर आडवी करा, बुचाकडे ओल येते का बघा.

तळाशी काळे कण दिसले तर घाबरू नका. हे पिंपातल्या कोळशाचे बारीक तुकडे आहेत. या बर्बनची बारीक गाळणी होत नाही, थंड करून तर अजिबात गाळत नाहीत. मात्र पांढरट, लोंबणारा कापसासारखा गाळ दिसला तर घेऊ नका.

विकत घेतल्यावर खात्री हवीच असेल तर अल्कोहोलमीटर (मद्यात तरंगवून टक्केवारी वाचायची काचेची नळी) वापरता येतो. उंच नळीत १०० मिली घ्या, तापमान २० अंशांवर आणा, मग वाचा. बर्बनमध्ये साखर घातलेली नसते, त्यामुळे आकडा बराच विश्वासार्ह येतो. २० ऐवजी ३० अंशांवर वाचलात तर आकडा तीन-चार टक्के जास्त दिसेल आणि उगाच संशय येईल. तापमानाचा तक्ता जवळ ठेवा.

जायफळ
पाण्याचं सांगते. औषधाची ५ मिलीची नवी सिरिंज घ्या आणि आरओचं पाणी. ६५.७ टक्क्यांच्या ३० मिलीत:
३ मिली पाणी घातलं की साधारण ६० टक्के,
६ मिली घातलं की ५५,
साडेनऊ मिली घातलं की ५०.

पहिला घोट पाण्याशिवाय, तोही चमच्याच्या टोकाएवढा. जीभ तयार होते. नाक ग्लासात खुपसू नका. काठापासून दोन बोटं लांब, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर नुसती झिणझिणी येते आणि पुढची दहा मिनिटं काहीच कळत नाही. ओतल्यावर १५ मिनिटं थांबा. पाणी घातल्यावर पुन्हा पाच मिनिटं, कारण मिसळताना ती किंचित गरम होते आणि तेव्हा तिखट वास वर येतो.

२०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर याचं गणित मांडलं होतं. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असलं की ग्वायकॉल, म्हणजे धुराचा-लवंगेचा वास देणारा रेणू, अल्कोहोलमध्ये वेढला जाऊन खाली राहतो. पाणी वाढलं की तो पृष्ठभागाकडे सरकतो. तोंडाचा अनुभव याला धरूनच आहे. ६० च्या वर हिच्यात आधी जळकी साखर आणि ओल्या लाकडी कपाटाचा वास. ५५ वर काकवी, खजूर, भाजलेला नारळ, शेंगदाण्याच्या चिक्कीचा खमंगपणा, मागे जायफळ आणि दालचिनी. मला ही ५४-५५ वर सगळ्यात भरलेली वाटते. ५० च्या खाली गेलात की ओकचा तुरटपणा पुढे येतो, पान खाल्ल्यावर काताचा राहतो तसा, आणि गोडवा विरतो.

एकदम २५-३० मिली पाणी ओतू नका. टक्केवारी ४६ च्या खाली गेली की गढूळ होते. चरबीयुक्त आम्लांचे एस्टर पाण्यात विरघळत नाहीत म्हणून हे होतं. पिण्याला अपाय नाही, पण मधली सगळी पायरी हुकते. बर्फाने तर जीभ बधिर होते आणि तुरटपणा तेवढा उरतो. अगदी हवाच असेल तर एकच मोठा, दगडासारखा खडा, आणि तोही पाच मिनिटांत काढून टाका.

सोबत खारे काजू किंवा नुसते भाजलेले शेंगदाणे. तिखट शेव, चिवडा नंतर.

बार्डस्टाउनकर
१८ च्या प्रश्नावर: नका घेऊ. १८ वर्षांची एलायजा क्रेग एकाच पिंपातून भरतात आणि पाणी घालून ४५ टक्क्यांवर आणतात. त्यामुळे प्रत्येक बाटलीची चव पिंपागणिक बदलते, आणि काही पिंपांत ओक इतका चढलेला असतो की चहाचा चोथा चावल्यासारखं वाटतं. ६५ टक्क्यांवर तेवढं लाकूड पेलायला जोर असतो, ४५ वर नसतो.

अपवाद एकच. १८ ची बाटलीभरणी २०१२ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये परत सुरू झाली. थांबण्याआधीच्या बाटल्या केंटकीतल्या बार्डस्टाउनच्या जुन्या मद्यभट्टीतल्या आहेत. ७ नोव्हेंबर १९९६ च्या आगीत हेवन हिलची (एलायजा क्रेग बनवणारी कंपनी) ती भट्टी आणि सात गोदामं जळाली, सुमारे ९०,००० पिंपं गेली. १९९९ मध्ये कंपनीने लुइव्हिलची बर्नहाइम भट्टी घेतली, तुमची सी९१८ त्या भट्टीतली. आगीआधीची बर्बन वेगळी होती, जास्त तेलकट, जास्त गोड. तशी बाटली, पिंप भरल्याची तारीख लेबलवर १९९६ च्या आधीची, खात्रीच्या दुकानात दिसली तर गोष्ट निराळी.

जायफळ
थोडी असहमती. १८ चं पिंप चांगलं लागलं तर तिच्यात जुन्या तंबाखूचा आणि चामड्याचा जो संथ वास येतो तो १२ मध्ये नाही. पण बाटली न चाखता घ्यायची असेल तर पैज लावल्यासारखंच आहे, हे मान्य. बारमध्ये ३० मिली घेऊन त्या पिंपाचा नंबर लिहून ठेवणं जास्त बरं.

काजूफेणी
प्रवासाचं. अमेरिकेतून निघताना २४ ते ७० टक्क्यांमधलं मद्य चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत चालतं, पण न उघडलेलं आणि दुकानातल्या मूळ बाटलीतच हवं. उघडलेली बाटली नेता येत नाही. ७० च्या वर तर विमानात बंदीच. तुमची ६५.७ आहे, चिंता नाही. २०१४ ची १४०.२ प्रूफची बॅच मात्र ७०.१ टक्के आहे, ती नेता येणार नाही.

भारतात माणशी २ लिटर शुल्कमुक्त. ७५० च्या दोन म्हणजे दीड लिटर, विमानतळावर हिरव्या मार्गाने (काही जाहीर करायचं नसलेल्यांचा) जा. तिसरी ठेवलीत की सव्वादोन लिटर, मग जाहीर करून शुल्क भरावं लागतं, आणि ते भरून बाटली परवडत नाही. मुंबईला उतरून पुढे विमानानेच नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणार असाल तर बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका, पुन्हा चेक-इन सामानात टाका. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. बिल जवळ असू द्या. महाराष्ट्रात बाळगायला-प्यायला परवाना लागतो (एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव), आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं.

बांधायची पद्धत: बुचाभोवती पॅराफिल्मचे (ताणून घट्ट बसणारी पातळ पट्टी) चार वेढे, ओढून. मूळ सीलवर चिकटपट्टी नको, काढताना लेबल फाटतं. मग झिपची पिशवी, मग जाड मोजे, मग बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी चार बोटं कपडे. बाटली बॅगेच्या कडेला लागली की फुटते, बहुतेक नुकसान तिथेच होतं.

एडिसनकर
सगळ्यांचे आभार. १२० वर देतो का विचारतो. एकच राहिलं: पुण्यात वर्षभर टिकवायची कशी? मे महिन्यात घर तापतं.

रिकहाऊस_मजला_७
कायम उभी. इतकं कडक मद्य बुचाला सतत लागलं की बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना तुटून आत पडतं. तसं झालंच तर कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून दुसऱ्या काचेच्या बाटलीत भरा. आधीच्या रिकाम्या बर्बनची चांगली बुचं धुऊन, वाळवून जवळ ठेवा, बहुतेक गळ्यांना बसतात.

जागा: घराच्या आतल्या भिंतीचं कपाट, खालचा कप्पा. फ्रिजच्या वर, ओट्याशेजारी, पश्चिमेच्या खिडकीत नको. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. दिवसभरात १५ अंशांचा चढउतार होणारी जागा सगळ्यात वाईट, बूच दर दिवशी थोडं श्वास घेतं.

बाटली अर्धी झाली की उरलेली २०० मिलीच्या, घट्ट आट्याच्या टोपणाच्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. भरण्याआधी थोड्या बर्बनने विसळून घ्या, पाण्याचा थेंब राहू देऊ नका. प्लास्टिकची बाटली नको, शिशाच्या स्फटिकाची सुरईही नको, तिच्यातून शिसं उतरतं. प्रत्येक बाटलीवर बॅच, प्रूफ आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा. तळाचे काळे कण शेवटच्या ३० मिलीत येतात, ते कापडातून गाळून घ्या.