मदत हवी आहे: विसर्जन घाटावर स्वयंसेवकांच्या पाळ्या कशा लावता?

अनंत चतुर्दशीला नदीघाटावर निर्माल्य गोळा करायला ४० जण लागतात. पाळ्या दुपारी ३ ते ७ आणि ७ ते ११. व्हॉट्सॲपवर 'येतो' म्हणणारे भरपूर, उगवणारे जेमतेम निम्मे. धडधाकट पोरं ढोल-ताशा पथकांत अडकलेली असतात.

खरा घोळ ७ वाजता. गर्दी तेव्हाच चढते, पहिली पाळी हातमोजे काढून निघते आणि दुसरी अजून वाहतुकीत. निर्माल्य कलशाजवळ माणूस नसला की लोक हार पिशवीसकट टाकतात. थर्माकोल, उदबत्तीची पाकिटं फुलांत मिसळली की खताचं वाटोळं. हारांचा दोरा तर फुलं बारीक करणाऱ्या श्रेडरच्या पात्यांनाच गुंडाळतो, आणि रात्री तो कापत बसायला कोण थांबणार?

दोन्ही पाळ्या अर्धा तास एकमेकांवर चढवाव्यात, कलशामागे दोघं आणि पाच कलशांमागे एक गटप्रमुख नेमावा, असा विचार आहे. १८ च्या आतली मुलं पाण्याजवळ नकोतच.

तुम्ही राखीव माणसं किती धरता? एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) कॉलेजच्या मुलांच्या सेवेच्या तासांवर सही पाळी संपल्यावरच करता का? आणि ७ च्या पाळीला वेळेत घाटावर आणता कसं?