चाटू फेका, सिलिकॉन आणा म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

औशाची सून: काल एका ताईंनी लिहिलं, लाकडी चाटू-पळ्या कचऱ्यात टाका, लाकडात जंतू बसतात, सिलिकॉनचा सेट आणा, विषय संपला. असा कसा संपला?

आधी भांडं बघा, मग हातात काय धरायचं ते ठरवा. लोखंडी तव्यावर धपाटं उलटायला लोखंडी कालथाच पाहिजे. त्याची पातळ धार खाली शिरते, सिलिकॉनचं उलथनं तिथं वाकतं. नॉनस्टिकवर लाकूड नाहीतर सिलिकॉन, लोखंड लावलं की कोट गेला. कल्हईच्या पातेल्यात लाकूडच. कथील मऊ असतं, 232 अंशाला वितळतं, स्टीलच्या डावानं ओरखडे पडतात. आणि वेळा अमावस्येची डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी तळापासून हलवून बघा स्टीलच्या डावानं. दांडा तापला की कळंल.

जंतूंचं म्हणाल तर चाटू रात्रभर खरकट्या पाण्यात बुडवून ठेवल्यावर तो फुगणार, चिरणार, चिरेत पीठ बसणार. त्यात लाकडाचा काय दोष? लगेच धुवा, उभा करून वाळवा, अधूनमधून घाण्याचं जवसाचं तेल चोळून काही दिवस सुकू द्या. शेंगदाण्याचं नको, ते सुकत नाही, खवट होतं. रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल तर अजिबात नको, त्यात लवकर सुकायला धातूंची संयुगं घालतात. खोल चीर पडली असंल तर मात्र चाटू सरळ चुलीत.

नांदेडची रमा: त्या ताई म्हणजे मीच. आमच्या सासूबाईंचा चाटू बघितला असता तर एवढं लिहिलं नसतं. काळाकुट्ट, टोक झिजून अर्धं राहिलेलं, त्यानंच पिठलं, त्यानंच खीर. खिरीला लसणाचा वास! मी काही बोलले की "आमचं आयुष्य गेलं यावर." चांगलं सिलिकॉन दोनशे अंशाच्या वर टिकतं, कढीच्या पातेल्यात काय होणार त्याला? तेल कोण चोळत बसणार, पहाटे डबे करायचे असतात मला.

परभणीकर: रमाताई, वास हा सासूबाईंचा विषय झाला, चाटूचा नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर यांनी लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या पाटांवर जंतू सोडून बघितले, 1994 साली छापून आलं. लाकडानं जंतू आत ओढून घेतले, ते आतच मेले. सुऱ्यांचे चरे पडलेलं प्लास्टिकच साफ करायला अवघड गेलं. आणि जवस नसंल तर करडईचं तेल चालतं, हळू सुकतं पण सुकतं.

नांदेडची रमा: ते कापायचे पाट होते. आणि प्लास्टिक. मी चाटू आणि सिलिकॉनबद्दल बोलले. आधी नीट वाचा, मग विस्कॉन्सिनला जा.

टँकरग्रस्त: तुम्ही जंतू मोजत बसा, पाण्याचं कोण बोलणार? सिलिकॉनवरचा तेलकट थर साबणाच्या एका हातानं जात नाही. दोनदा घासा, तीनदा विसळा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही राखेनं घासून फडक्यानं पुसून घेत होतो. लोखंड, पितळ राखेनं निघतं. सिलिकॉन निघत नाही.

सिडकोतली काकू: दादा, राख कुठून आणू? गॅसच्या शेगडीतून पडते का? आणि तहान काय लातूरलाच लागते? आमच्या संभाजीनगरात नळाला कितीतरी दिवसाआड पाणी येतं.

टँकरग्रस्त: तुमच्या उशाला नाथसागर आहे काकू, पैठणचं जायकवाडी धरण. आमचं मांजरा धरण पार तळाला गेलं होतं. बरोबरी करू नका.

सिडकोतली काकू: उशाला असून काय उपयोग, नळात पाहिजे ना! पैठणला जाऊन घागर भरून आणू का? कोरडी घागर घेऊन आम्ही पण उभे राहिलोय रांगेत. दुष्काळ काय तुमच्या सातबाऱ्यावर चढवलाय?

भांडेवाला: दुकान आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन येतं, चिकटलं नाही म्हणजे 304 नंबरचं चांगलं स्टील, असं समजतं. 202 नंबरच्या स्वस्त स्टीलला पण चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल असतं, 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. छाप बघा, बिल घ्या.

टँकरग्रस्त: इथं पाण्याचं चाललंय शेठ.

औशाची सून: इथं चाटूचं चाललं होतं! काकू, राख नसंल तर खरखरीत काथ्या घ्या आणि थोडं पीठ, तेल ओढून घेतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर स्टीलवर बसला तर लिंबाची साल चोळा. टँकरदादांचं एवढं खरं की सिलिकॉनला कोमट पाणी आणि साबण लागतोच. पण शिऱ्याची कढई निपटून घ्यायला माझ्याकडं पण एक सिलिकॉनचं आहे. लगेच नाचू नका रमाताई.

नांदेडची रमा: आहे ना? मग एवढी लांबण कशाला लावली! बरं, सासूबाईंचा चाटू नाही फेकत. खिरीला वेगळा आणते, तुमच्या आग्रहाखातर, उपकार समजा. कोणत्या लाकडाचा आणू तेवढं सांगा.

परभणीकर: साग नाहीतर शिसव. रंग-पॉलिश केलेला घेऊ नका.

सिडकोतली काकू: आणि धुवायला पाणी लातूरहून मागवा.