धरण एकाकडे, नळ दुसऱ्याकडे
कोणीतरी लिहिलंय की पुण्याच्या पाण्याची सगळी बोंब महापालिकेमुळेच, मला ते अर्धंच पटलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, पण धरणं राज्याच्या जलसंपदा खात्याच्या ताब्यात, शहराला पुरवायचं आणि मैलापाणी शुद्ध करायचं महापालिकेने, प्रदूषणावर लक्ष ठेवणार नियंत्रण मंडळ आणि वर तेच पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीलाही हवं. मग भांडण कायम कोटा किती यावरच होतं, नदीत परत काय सोडतो ते राहूनच जातं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीसाठी कालव्यात सोडतात ना, ती योजना मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते, तिथे शहराचा आणि शेतीचा हिशोब एकत्र येतो, पण शुद्धीकरण नीट झालं तरच हां, नाहीतर आपली घाण शेतकऱ्याच्या माथी.

परवा मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या संगम पुलावर थांबलो होतो, पाण्यावर पांढरा फेस, कडेला जलपर्णीत अडकलेल्या पिशव्या आणि वास असा की नाकाला रुमाल लावावा लागला. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं आणि तिथून सोलापूरच्या नळाला. निदान सगळ्या खात्यांनी पाणी तपासणीचे आकडे दर आठवड्याला एकाच ठिकाणी टाकावेत, एवढं तरी लगेच व्हायला हवं.