ठिबकचे व्हॉल्व्ह: चिकटवायचे की युनियन लावायचे?

गच्चीवाला: कुंड्यांना ठिबक करतोय, चार लाइनी, चार बॉल व्हॉल्व्ह. प्लंबर म्हणतो, "सोल्युशन लावून टाकू, कटकट नको." मला पटत नाही. पाइप टिकतो, व्हॉल्व्ह बिघडतो. चिकटवलेला काढायचा म्हणजे पाइप कापा. दोनदा कापला की जोडायला तुकडाच उरत नाही. दोन्हीकडे युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा जोड, असलेलाच घ्यावा, महाग पडला तरी.

मातीतले हात: प्लंबरचं ऐका. युनियनमध्ये रबरी ओ-रिंग असते, गच्चीच्या उन्हात ती कडक होते आणि थेंब सुरू. आमचा चिकटवलेला जोड नऊ वर्षं कोरडा आहे. शिवाय तुमची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल, म्हणजे दाब जेमतेम 0.3 बार. त्याला कसली युनियनची चैन!

गच्चीवाला: उन्हात पीव्हीसीही ठिसूळ होतोच की, म्हणून तर पाइपला रंग लावतात. ओ-रिंग निदान बदलता येते.

पाना-पक्कड: सोल्युशनवाल्यांनी आधी पाइप मोजावा. शेतीच्या दुकानातला 25 मिमीचा पाइप बाहेरून 25 असतो, आणि प्लंबिंगचा पाऊण इंची यूपीव्हीसी 26.7. दोन्ही 'पाऊण'च म्हणून विकतात. प्लंबिंगच्या फिटिंगमध्ये शेतीचा पाइप ढिला बसतो, आणि सोल्युशन काही फट बुजवत नाही. मी हे दोन रविवार घालवून शिकलोय.

आता आटे. प्लास्टिकच्या फीमेल (आतल्या बाजूच्या) आट्यात लोखंडी निप्पल (बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) पिळू नका, सॉकेट चिरतो. टेफ्लॉन टेपही बेताने, थर जाड झाला तरी तेच. हाताने घट्ट करा, वर पान्याने थोडंसंच. आणि परदेशातून कुणी टायमर-व्हॉल्व्ह आणला असेल तर आटे बघा. अमेरिकन अर्धा आणि पाऊण इंच आपल्यासारखेच इंचाला 14 आटे, त्यामुळे फसवे: चढतात, पण आट्याचा कोन वेगळा, म्हणून गळतात. एक इंचाला मात्र आपले 11, त्यांचे साडेअकरा. दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो.

मातीतले हात: पाइप मोजायचं मान्य. तरी युनियन नकोच. चिकटवलेला बिघडला तर आख्खा तुकडा बदलू.

गच्चीवाला: चारही? भर मे महिन्यात, कुंड्या सुकत असताना?

मातीतले हात: मेपर्यंत थांबायचंच कशाला? दिवाळीनंतर बदला.

गच्चीवाला: व्हॉल्व्ह दिवाळी बघून बिघडत नाहीत हो. मॅनिफोल्ड (चारही लाइनींना पाणी वाटणारा पाइप) चिकटवतो, व्हॉल्व्हला युनियन. ओ-रिंगा दोन जास्तीच्या आणल्यात.