मदत हवी आहे : सेसना १७२ वरून डीए ४० वर आलो, विमान टेकतच नाही

नमस्कार मंडळी,
कमर्शियल लायसन्सचं प्रशिक्षण घेतोय. सेसना १७२ वर साठेक तास झाले, लँडिंग हातात बसलं होतं. गेल्या आठवड्यापासून डायमंड डीए ४० वर आहे आणि फ्लेअर केला (टेकण्याआधी नाक हळूच वर उचललं) की विमान धावपट्टीवर हात-दीड हात उंच तरंगतच राहतं. काल धावपट्टीचे आकडे मागे गेले, पुढचे रुंद पांढरे पट्टेही गेले, तरी चाकं हवेतच. धीर सुटला, स्टिक जरा पुढे दिली, म्हणजे नाक खाली केलं. विमान आपटून असं उसळलं की पोटात गोळा आला. इन्स्ट्रक्टरांनी थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी लिव्हर) पुढे सारून गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं.

१७२ च्या पंखाखालून मी चालत जातो, डीए ४० च्या पंखावर पाय देऊन कॉकपिटमध्ये चढतो. म्हणजे फ्लेअरमध्ये हा पंख जमिनीच्या कितीतरी जवळ. पंख त्याच्या एकूण विस्ताराच्या दहाव्या हिश्शाइतका खाली आला की इंड्यूस्ड ड्रॅग (पंख उचल देताना तयार होणारा हवेचा अडथळा) जवळजवळ निम्मा होतो असं वाचलं. त्यात पंख लांब आणि अरुंद, १७२ सारखे आधाराचे तिरके दांडेही नाहीत. मग हे तरंगणं पंखामुळेच, की माझं काही चुकतंय? अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) ठरलेल्या वेगापेक्षा पाच नॉट जास्त ठेवतो, स्टॉलच्या, म्हणजे वेग पडून पंखाची उचल जाण्याच्या भीतीने.

प्रतिसाद :
ते पाच नॉटच तुम्हाला तरंगवतायत. ७० ऐवजी ७५ म्हणजे ऊर्जा जवळपास १५ टक्के जास्त. १७२ चे मोठे फ्लॅप्स (पंखामागच्या, उतरताना खाली येणाऱ्या झडपा) आणि दांडे ती खाऊन टाकायचे, इथे खाणारं कोणी नाही. मॅन्युअलमध्ये अप्रोचचा वेग वजनाप्रमाणे दिलाय, टाकी अर्धी असेल तर तो आणखी कमी. उड्डाणाआधी त्या दिवसाचं वजन काढा आणि तोच वेग धरा. आणि स्टिक पुढे कधीही देऊ नका, नाकाचं चाक आधी टेकलं की प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी होते. नाक आहे तिथे धरा, नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर, वेग आपोआप उतरेल. पट्टी पुरणार नाही असं वाटलं तर लगेच गो-अराउंड. एक सांगा, फ्लेअरच्या वेळी थ्रॉटल पूर्ण मागे असतो का? थोडी ताकद राहिली तरी विमान तरंगत राहतं.

धागाकर्ता :
सर, मनापासून आभार. आठवून पाहिलं, हात थ्रॉटलवर असतो पण तो बोटभर पुढेच राहतो. उद्या सकाळच्या सर्किटला (धावपट्टीभोवतीच्या सराव फेरीला) आधी तेच बघतो.