पोर्टलंडमध्ये एकच सामना पाहायचा असेल, तर टिंबर्सचा की ब्लेझर्सचा?

बीव्हरटनकर
नमस्कार. मार्चमध्ये माझे आई-बाबा पुण्याहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत येत आहेत. नेहरू स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून बाबांनी पुष्कळ क्रिकेट पाहिले आहे आणि मैदानात जाण्याची त्यांची हौस अजून दांडगी आहे. त्या महिन्यात ट्रेल ब्लेझर्सचा बास्केटबॉलचा आणि टिंबर्सचा फुटबॉलचा (इथल्या भाषेत सॉकरचा) असे दोन्ही हंगाम चालू असतात. मात्र तिकिटांचे दर पाहता एकाच सामन्याला जाणे परवडेल. खेळाच्या दर्जाविषयी मी विचारत नाही. प्रेक्षकांत बसण्याची मजा कुठे अधिक, हे दोन्ही पाहिलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर_स्टँड
निःसंशय टिंबर्स. प्रॉव्हिडन्स पार्कच्या उत्तर टोकाला ‘टिंबर्स आर्मी’ ही कट्टर समर्थकांची फौज बसते, असे म्हणवत नाही, कारण ही मंडळी संपूर्ण सामना उभ्यानेच पाहतात. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रात घड्याळ थांबत नाही, जाहिरातींना वाव नसतो आणि गोल तर क्वचितच होतो. त्यामुळे तो सारा वेळ भरून काढण्याचे काम प्रेक्षकांकडे येते आणि ते ढोल बडवत, गाणी म्हणत ते चोख पार पाडतात. टिंबर्सने गोल केला की संघाचा शुभंकर (मॅस्कॉट) ‘टिंबर जोई’ यांत्रिक करवतीने ओंडक्याची एक चकती कापतो आणि सामन्यानंतर ती गोल करणाऱ्या खेळाडूला मिळते. लाकडाच्या धंद्यावर वाढलेल्या या प्रांताला याहून शोभेसा जल्लोष मला तरी सुचत नाही. आई-बाबांना मात्र उत्तरेकडे नेऊ नका. तिथे झेंड्यांआडून निम्मा खेळ दिसत नाही.

जुना_ब्लेझर
वरील मत एकांगी आहे. एन.बी.ए.च्या (ब्लेझर्स खेळतात त्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) सामन्यात खेळ 48 मिनिटांचा असला, तरी घड्याळ वारंवार थांबत असल्याने दोन तासांहून अधिक वेळ जातो, आणि प्रत्येक विश्रांतीत नाच, टी-शर्टांची उधळण, पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे असा भडिमार चालतो, हे खरे आहे. ‘डिफेन्स’चा घोषही बहुतेक वेळा पडद्याच्या इशाऱ्यावर होतो. परंतु 24 सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकावाच लागतो, म्हणून नवख्यालाही दहा मिनिटांत खेळ कळू लागतो. शिवाय खालच्या रांगांतून बुटांची करकर ऐकू येते. सामना अटीतटीचा असेल, तर शेवटच्या दोन मिनिटांत त्या पडद्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. याच शहराने 1977 ते 1995 या काळात जुन्या मेमोरियल कोलिझियममध्ये ब्लेझर्सचे सलग 814 सामने ‘हाउसफुल’ केले, आणि ते काही टी-शर्टांसाठी नव्हे. एक सावधगिरी बाळगा: हंगामात घरचे 41 सामने असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी दुबळ्या संघाविरुद्धचा सामना अगदी आळणी होऊ शकतो.

मडगावकर
फातोर्ड्याच्या स्टेडियमवर लहानाचा मोठा झाल्यामुळे माझे माप फुटबॉलच्याच पारड्यात पडणार. एक मुद्दा राहिला, तो पाहुण्या समर्थकांचा. बास्केटबॉलमध्ये ते यजमानांच्या गर्दीत विखुरलेले असतात. फुटबॉलमध्ये त्यांना वेगळा कोपरा मिळतो आणि दोन्ही बाजूंची गाण्यांतून सवाल-जवाबासारखी जुगलबंदी रंगते. सिएटल, पोर्टलंड आणि व्हँकुव्हर या संघांमधला कॅस्केडिया करंडकसुद्धा 2004 मध्ये समर्थकांनीच सुरू केलेला आहे. सिएटलचा संघ येणार असेल, तर तोच सामना पाहावा. अर्थात त्या दिवशी तिकीट मिळणे कठीण.

बीव्हरटनकर
सर्वांचे आभार. बाबांना दोन्ही वर्णने फोनवर वाचून दाखवली. करवतीचे ऐकताच त्यांनी निर्णय देऊन टाकला. आईची अट एवढीच, की मार्चच्या पावसात भिजायचे नाही, म्हणून बाजूच्या स्टँडमधील छताखालच्या मागच्या रांगा शोधतो आहे.